ग्लेअर (इंग्रजी क्रियापद)

ग्लेअर : रागाने एखाद्याकडे रोखून पाहणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. डोळे वटारणे, खाऊ की गिळू अशा नजरेने पाहणे हे मराठी वाक्प्रयोग त्याच्या जवळचे. त्याचा मूळ अर्थ मात्र रागाचा नाही. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द लखलखण्यासाठी वापरत. डोळे दिपवणारा उजेड हा अर्थ आजही टिकून आहे; चष्म्याच्या दुकानात अँटीग्लेअर काच मागणारे गिऱ्हाईक तोच वापरत असते.

वाक्यात हे क्रियापद बहुधा अकर्मक असते आणि ज्याच्याकडे पाहायचे त्याच्याआधी ‘ॲट’ येते : ‘द टीचर ग्लेअर्ड ॲट द बॉइज’. मराठी विद्यार्थी अडखळतो तो इथेच. मराठीत डोळे कुणावर तरी वटारले जातात, म्हणून तो ‘ग्लेअर्ड ऑन हिम’ लिहितो. किंवा मराठीत वटारायला डोळे लागतातच, म्हणून ‘ही ग्लेअर्ड हिज आइज’. दोन्ही चूक. डोळे या क्रियापदाच्या पोटातच आहेत. ते कर्ता म्हणून येऊ शकतात (‘हिज आइज ग्लेअर्ड’), कर्म म्हणून नाही. ‘ग्लेअर्ड हिम’ असे थेट कर्मही चालत नाही. कर्मणी रचनेतसुद्धा ‘ॲट’ सुटत नाही : ‘ही वॉज ग्लेअर्ड ॲट बाय एव्हरीवन’.

अपवाद थोडे, पण लज्जतदार आहेत. नजरेतून जी भावना व्यक्त होते ती कर्म होऊ शकते : ‘शी ग्लेअर्ड डिफायन्स ॲट देम’, म्हणजे तिच्या नजरेत उघड आव्हान होते. नजरेचा परिणाम सांगायचा असेल तर माणूसही कर्म होतो : ‘शी ग्लेअर्ड हिम इन्टू सायलेन्स’, तिने नुसत्या नजरेने त्याला गप्प केले.

‘ग्लेअर्ड अँग्रिली’ व्याकरणात बसते, पण तो पिवळा पीतांबर झाला. राग आधीच सांगून झालेला असतो. क्रियाविशेषण जोडायचेच तर ‘सायलेंटली’सारखे, नवी माहिती देणारे असावे.

जवळच्या शब्दांत सरमिसळ फार होते. ‘स्टेअर’ म्हणजे टक लावून पाहणे. त्यात राग असेलच असे नाही. ‘स्काउल’मध्ये सगळा चेहराच आंबट होतो आणि समोर कुणी नसले तरी चालते. ‘फ्राउन’ म्हणजे कपाळाला आठ्या घालणे. गणित सुटत नसताना पडतात त्या आठ्याही फ्राउनच. चार्ल्स डार्विनने माणसाच्या व प्राण्यांच्या भावदर्शनावरील १८७२च्या ग्रंथात या आठ्यांचा संबंध रागापुरता न ठेवता, विचारात किंवा कामात आडव्या येणाऱ्या अडचणीशी जोडला आहे. ‘फ्राउन ॲट’ आणि ‘फ्राउन ऑन’ यांतही फरक आहे. पहिल्यात कपाळावर खरोखर आठ्या दिसतात, दुसऱ्यात एखादी गोष्ट नापसंत असते इतकेच.

‘ग्लावर’ हा ग्लेअरचा सर्वांत जवळचा सोबती. त्यातला राग धुमसता, घुम्या माणसाचा. हाही ‘ॲट’ घेतो. स्पेलिंग पाहून अनेक जण त्याचा उच्चार ‘ग्लोअर’ करतात. त्याचे यमक ‘पॉवर’शी जुळते, ‘लोअर’शी नाही. शब्द स्कॉटलंडकडचा, आणि तिथे त्याचा जुना अर्थ डोळे विस्फारून पाहणे असा होता. रॉबर्ट बर्न्सच्या १७९१ साली छापल्या गेलेल्या ‘टॅम ओ’ शँटर’ या कवितेतील पिऊन तर्र झालेला टॅम चर्चमध्ये नाचणाऱ्या चेटकिणींकडे असाच पाहतो. त्याच्या नजरेत राग नाही. आश्चर्य आहे, कुतूहल आहे.

नाम म्हणूनही ग्लेअर रूढ आहे. ‘शी गेव्ह हिम अ ग्लेअर’ हे वाक्य बोलण्यात सहज येते आणि नवशिक्याला सोपे, कारण त्यात ‘ॲट’चा प्रश्नच उद्भवत नाही. उलट ‘द ग्लेअर ऑफ पब्लिसिटी’मध्ये प्रसिद्धीचा झगमगाट आहे, कुणाचा राग नाही. ‘ग्लेअरिंग मिस्टेक’ या प्रयोगातील विशेषणही प्रकाशाच्याच अर्थावरून आलेले असून त्याचा अर्थ ढळढळीत चूक असा होतो.