न्यूटनची फिर्याद

पीटरमॅरित्झबर्ग म्हटलं की आपल्याला एकच रात्र आठवते. ७ जून १८९३ ची. पहिल्या वर्गाचं तिकीट खिशात असूनही बॅरिस्टर गांधींना त्या स्टेशनवर उतरवण्यात आलं आणि थंडीत कुडकुडत त्यांनी रात्र काढली. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट आपण सगळ्यांनीच वाचली आहे. त्याच गावाचा आणखी एक इतिहास आहे आणि तो रुळांवरचा नसून रस्त्यावरचा आहे. समुद्रकाठच्या डर्बनहून मॅरित्झबर्गकडे डोंगर चढत जाणाऱ्या या रस्त्यावर एका माणसाने सरकारविरुद्धची आपली फिर्याद चक्क धावून मांडली. माणूस गोरा होता, शेतकरी होता, आणि धावायला लागला तेव्हा त्याचं वय अडतीस होतं.

आधी रस्त्याविषयी. अंतर साधारण चौपन्न मैल, म्हणजे सत्त्याऐंशी किलोमीटर. पणजीहून निघून काणकोण गाठायचं आणि तिथेही न थांबता पुढे जायचं, असं समजा. मात्र आपल्या त्या वाटेवर नाहीत इतके चढ इथे आहेत. बोथाज हिल, इंचांगा आणि अगदी शेवटी, पायांत काही उरलेलं नसताना येणारा पॉली शॉर्ट्स. अनमोडचा घाट एकदा चढून पुन्हा उतरायचा, आणि उतरून झाल्यावर दुसरा अनमोड समोर उभा. तोही तेव्हाच्या कच्च्या, धुळीच्या रस्त्याने.

या रस्त्यावर शर्यत घ्यावी हे डोकं व्हिक क्लॅपहॅम या रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरचं. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत तो शेकडो मैल पायी तुडवून आला होता. मेलेल्या सोबत्यांचं स्मारक दगडाचं नको, घामाचं असावं, असं त्याच्या मनात होतं. माजी सैनिकांच्या संघटनेने आधी त्याला वेड्यात काढलं, पण त्याने पाठ सोडली नाही आणि अखेर परवानगी मिळवली. २४ मे १९२१ रोजी चौतीस जण मॅरित्झबर्गहून निघाले, त्यांतले सोळा डर्बनला पोचले. पहिला आला बिल रोवन, आठ तास एकोणसाठ मिनिटांत. हीच कॉम्रेड्स मॅरेथॉन. एक वर्ष उताराची, पुढचं वर्ष चढाची, हा पायंडा तेव्हापासूनचा.

दुसऱ्या वर्षीच्या, चढाच्या शर्यतीत आर्थर न्यूटन आला. जन्म इंग्लंडातला, १८८३ चा. तरुणपणीच आफ्रिकेत येऊन नाताळच्या दक्षिणेला हार्डिंगजवळ त्याने शेती केली होती. युद्धावर जाऊन परत आला तर शेताची रया गेलेली, मजूर मिळेनात, आणि त्यातच सरकारने भोवतालचा मुलूख आफ्रिकन लोकांच्या वस्तीसाठी ठरवलेला. आपल्या जमिनीची किंमत मातीमोल झाली, तेव्हा सरकारने भरपाई द्यावी, असं त्याचं म्हणणं होतं. अर्ज केले, खेटे घातले. दाद मिळाली नाही.

मग त्याने एक विलक्षण हिशेब मांडला. सामान्य शेतकऱ्याचं सरकार ऐकत नाही, प्रसिद्ध माणसाचं ऐकतं. प्रसिद्ध कसं व्हायचं? वर्तमानपत्रांत खेळाडूंचा बोलबाला असतो, तेव्हा खेळाडू व्हायचं. कॉम्रेड्स जिंकायची. १ जानेवारी १९२२ रोजी तो घराबाहेर पडून दोन मैल धावला, आणि पुढचे काही दिवस त्याला धड चालताही येईना! शर्यतीला पाच महिनेही उरले नव्हते.

अंगाची फिर्याद करणं हे आपल्याला नवं नाही. नऊच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९१३ मध्ये, याच नाताळच्या उत्तर टोकाहून गांधींनी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुलांना घेऊन ट्रान्सवालच्या हद्दीत पायी कूच केलं होतं. आणि १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीच्या सीमेवर चालत आलेले सत्याग्रही आपल्याला काही परके नाहीत. फरक इतकाच की ते समूहाने चालले आणि न्यूटन एकटा धावला, एकट्यासाठी धावला. हा फरक लहान नाही. त्याकडे पुढे वळूच.

त्याची तयारीची रीत त्या काळच्या जाणत्यांना मूर्खपणाची वाटली असती. तेव्हाचा धावपटू थोडं धावायचा, जोरात धावायचा, आणि उरलेले दिवस शरीर 'जपून' ठेवायचा. न्यूटनने उलट केलं. सावकाश धावायचं, पण रोज आणि खूप. धाप लागेल इतकं कधीच नाही. सरावात शर्यत लावायची नाही, ती शर्यतीच्या दिवसासाठी राखून ठेवायची. कसलेला शेतकरी बैल जसा पळवत नाही, चालता ठेवतो, तसं त्याने आपल्या शरीराला वागवलं. वाटेत पिण्यासाठी लिंबू-साखरेच्या सरबतात मीठ. आपल्याकडे हे प्रत्येक घरातल्या आजीला ठाऊक असतं, पण खेळाच्या जगात ते नवल होतं. आणि हे सगळं करून गडी पाइप ओढायचा, तो त्याने सोडला नाही! आज पहाटे मिरामारला हळूहळू लांब पल्ला धावणारी जी मंडळी दिसतात, त्यांच्या वहीतला बराचसा भाग या शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे.

२४ मे १९२२ ला तो हळू निघाला, पुढच्यांना जाऊ दिलं, आणि चढांवर एकेकाला गाठत आठ तास चाळीस मिनिटांत मॅरित्झबर्गला पहिला पोचला. पुढल्या वर्षी उताराची शर्यत ६ तास ५६ मिनिटांत. तोवर कुणी सात तासांच्या आत हे अंतर कापलं नव्हतं.

पण त्याचा खरा हंगाम १९२४ चा. मे महिन्यात चढाच्या कॉम्रेड्समध्ये ६ तास ५८ मिनिटं. म्हणजे दोन वर्षांपूर्वीची स्वतःचीच वेळ त्याने पावणेदोन तासांनी मागे टाकली, तीही चढावर. मग तो बोटीने इंग्लंडला गेला. वसाहतीतल्या डोंगरात कुणीतरी मोजलेल्या वेळा लंडनच्या माणसाला खऱ्या वाटायच्या नाहीत, म्हणून त्यांच्याच रस्त्यावर धावून दाखवायचं ठरवलं. लंडन ते ब्रायटन, बावन्न मैलांहून थोडं जास्त, इंग्रजांचा जुना मानाचा रस्ता. पहिल्या प्रयत्नाला हवेने दगा दिला. त्याच शरदात पुन्हा धावला आणि ५ तास ५३ मिनिटं ४३ सेकंदांत ब्रायटनला पोचला. वय एक्केचाळीस. डोंगराने घडवलेले पाय सपाटीवर काय करू शकतात ते लंडनने पाहिलं. १९२५ ला परत येऊन पुन्हा कॉम्रेड्स, ६ तास २४ मिनिटं.

एवढं होऊन फिर्यादीचं काय झालं? काही नाही. वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरकारने पैसा दिला नाही. शेत गेलं. आणि नियमाप्रमाणे तो हौशी खेळाडू, त्यामुळे धावून एक पौंडही कमावण्याची सोय नव्हती. हा 'हौशी' शब्द मोठा फसवा. ज्यांना पोटाची चिंता नाही अशांनी तो नियम बनवला आणि ज्यांना होती त्यांच्यावर लादला. पुढे जॉन टॅरंट नावाच्या इंग्लिश मजुराने किशोरवयात मुष्टियुद्धात सतरा पौंड घेतले म्हणून त्याला शर्यतींतून बाद केलं. मग तो नंबर न लावता घुसून धावायचा, कॉम्रेड्सलाही धावला, आणि लोक त्याला 'भूत' म्हणू लागले.

न्यूटन १९२५ मध्ये नाताळ सोडून ऱ्होडेशियाला गेला. १९२७ ला पुन्हा येऊन पाचवी कॉम्रेड्स जिंकली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. १९२८ मध्ये मात्र त्याने हौशीपण सोडलं आणि लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क या पैशाच्या शर्यतीत उतरला. पहिलं बक्षीस पंचवीस हजार डॉलर. आघाडीवर असतानाच पाय दुखावला आणि बाहेर पडावं लागलं. १९५९ मध्ये इंग्लंडात तो वारला.

आता तो राहिलेला फरक. न्यूटनवर अन्याय झाला, असं तो मरेपर्यंत मानत राहिला, आणि त्याच्या घरापुरतं पाहिलं तर ते खोटं नव्हतं. पण १९१३ च्या जमीन कायद्याने त्याच देशातल्या बहुसंख्य आफ्रिकनांना सुमारे सात टक्के जमिनीत कोंबलं होतं. बाकीच्या मुलखात त्यांना जमीन घेण्याची बंदी. ज्याची एक शेती गेली त्याला निदान धावून जगाचं लक्ष वेधता आलं. ज्यांचा मुलूख गेला त्यांना त्या शर्यतीत पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. कॉम्रेड्स गोऱ्या पुरुषांची होती. न्यूटनच्या पायांबद्दल मला अपार आदर आहे, त्याच्या फिर्यादीबद्दल तितका वाटत नाही. लेख लिहिणाऱ्या इंग्रजांनी दोन्ही एकाच तराजूत घातलं, तिथे मला खटकतं.

१९३५ मध्ये रॉबर्ट म्त्शाली हा आफ्रिकन धावक न विचारता या रस्त्यावर धावला आणि साडेनऊ तासांत पोचला. अधिकृत निकालात त्याचं नाव नाही. सगळ्या वर्णांना आणि स्त्रियांना दार उघडलं ते १९७५ साली, आणि पहिला आफ्रिकन विजेता सॅम्युएल त्शाबालाला आला १९८९ मध्ये.

आज भारतातूनही शेकडो हौशी धावक कॉम्रेड्सला जातात, त्यांत साताऱ्याच्या यवतेश्वर-कास चढावर पाय घडवलेले मराठी लोकही असतात. वाटेत साधारण मध्यावर, ड्रमंडजवळ, रस्त्याकडेच्या दरडीत एक कोनाडा आहे. न्यूटन तिथे दम खायला बसायचा, अशी आख्यायिका. धावणारे तिथे फूल ठेवतात, 'गुड मॉर्निंग, सर' म्हणतात, म्हणजे उरलेली वाट सुखरूप पार पडते. घाटाच्या तोंडाशी राखणदाराला नारळ ठेवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि २०१९ पासून जे नऊ तासांनंतर पण दहाच्या आत पोचतात, त्यांच्या गळ्यात जे पदक पडतं, त्यावर नाव असतं रॉबर्ट म्त्शालीचं.