वाहत्या होडीतून गरवताना : कुठली गरी बांधायची, शिसं किती लावायचं?

नारळी पौर्णिमा झाली की देवगड, मालवण, वेंगुर्ले तालुक्यातल्या छोट्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. जाळ्याबरोबर गरवायला जाणारेही बरेच. कोणी घरच्या कालवणापुरते, कोणी विकायला, तर अलीकडे कोणी पर्यटकांना घेऊन. नांगर न टाकता होडी वाऱ्यापाण्याबरोबर सोडून गरवलं तर एकाच फेरीत बराच तळ चाळून होतो. पण शिसं चुकलं की सगळं चुकतं. हलकं लावलं तर आमिष अधांतरी तरंगत राहतं. जड लावलं तर ते खडपात अडकतं, गळ तुटतात आणि डिझेल जाळून रिकाम्या हाताने परत यावं लागतं. नवीन शिकणाऱ्यांसाठी ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी हे समजून घ्या

नांगरावर उभ्या होडीत फक्त पाण्याची ओढ तंगूसावर जोर करते. वाहत्या होडीत तसं नसतं. होडी पाण्याबरोबरच वाहत असेल तर पाणी जोरात असूनही तंगूस जवळपास सरळ खाली उतरतो. वारा होडीला पाण्यापेक्षा वेगळ्या वेगाने ढकलायला लागला की तंगूस तिरका होतो. म्हणून शिसं ठरवताना नुसतं पाणी किती जोरात आहे ते बघू नका. होडी पाण्याच्या मानाने किती पळते ते बघा.

हा वेग दुप्पट झाला तर तंगूसावरचा जोर साधारण चौपट होतो. वारा थोडा वाढला तरी आमिष तळ सोडतं ते यामुळेच. दुसरी गोष्ट तंगूसाच्या जाडीची. एक मिलिमीटरचा तंगूस अर्ध्या मिलिमीटरच्या दुप्पट पाणी अडवतो. शिसं वाढवण्याआधी तंगूस बारीक करता येतो का ते बघा. मात्र हातगरीला फार बारीक तंगूस नको, मोठा मासा लागला तर बोटं कापतात.

वजनाचा अंदाज

सुरुवातीला खोलीच्या दर मीटरला सुमारे १० ग्रॅम शिसं धरा. मग पाण्यात बघून कमीजास्त करा.

- खाडीत ३ ते ५ मीटर पाणी, वारा मंद : ३० ते ५० ग्रॅम
- खाडीच्या बाहेर ८ ते १० मीटर : ८० ते १०० ग्रॅम
- १५ ते २० मीटर : १५० ते २०० ग्रॅम
- वारा वाढला किंवा उधाणाचं पाणी असेल : यात निम्मी भर
- अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी, वारा पडलेला : यातलं थोडं कमी केलं तरी चालतं

हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. खरी परीक्षा तंगूसच घेतो. शिसं तळाला टेकल्यावर हाताला ‘टक’ असं कळलं पाहिजे आणि होडी सरकताना मधूनमधून तीच टकटक जाणवली पाहिजे. तंगूस उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत कलला तर ठीक. तेव्हा खोलीच्या साधारण दीडपट तंगूस बाहेर असतो. ६० अंशांवर गेला तर दुप्पट लागतो, आणि माशाने तोंड लावलेलं हाताला कळत नाही. अशा वेळी शिसं वाढवा किंवा होडी हळू करा. टकटक न होता शिसं नुसतं घासत, ओढत चाललंय असं वाटलं तर ते जास्त झालंय.

होडी हळू करायला भोकं पाडलेली बादली किंवा कापडी पिशवी दोरीने नाळीला बांधून पाण्यात सोडतात. नाळ वाऱ्याकडे वळते, होडी आडवी पडत नाही आणि पळही कमी होते.

गरीचे तीन प्रकार

१. सरकतं शिसं : मधे भोक असलेलं शिसं मुख्य तंगूसात ओवायचं, खाली एक मणी, मग स्विव्हल. स्विव्हलच्या पुढे दोन ते चार फूट तंगूस आणि टोकाला गळ. मासा आमिष घेऊन निघाला तर तंगूस शिशातून सरकतो, त्याला वजन लागत नाही. तांबोशी, पालू, गोबरा अशा तळाच्या माशांना ही गरी चांगली. वाळू किंवा चिखलाचा तळ असेल तर पहिली पसंती हीच.

२. खाली शिसं, वर गळ : शिसं अगदी टोकाला आणि त्याच्या वर हात-दीड हाताच्या अंतरावर दोन आडव्या फांद्या. प्रत्येक फांदी वीतभर. आमिष तळापासून वर राहतं, त्यामुळे खेकडे कमी कुरतडतात. ढोमा, राणी मासा, शिंगाळा यांना उपयोगी. खडपावर हीच गरी घ्या, पण शिसं मुख्य तंगूसापेक्षा बारीक तंगूसाने बांधा. अडकलं तर फक्त शिसं तुटतं, गळ आणि मासा दोन्ही वाचतात.

३. हलकी गरी : सुरमईसारखा मधल्या पाण्यातला मासा हवा असेल तर शिसं नाही, किंवा १० ते २० ग्रॅमच. गळाच्या आधी वीत-दीड वीत तार हवीच, नाहीतर सुरमईचे दात तंगूस कापतात. ही गरी होडीपासून लांब सोडायची.

आमिष कसं लावायचं

कोळंबी, तारली, बांगड्याची पट्टी आणि माकूल ही नेहमीची आमिषं. वाहत्या होडीत माकूल जास्त टिकतं. पट्टी लांबट, शेपटीकडे निमुळती कापा आणि गळ जाड टोकातून एकदाच घाला. गोळा करून टोचली तर ती पाण्यात गरगर फिरते आणि तंगूसाला पीळ पडतो. गळाचं टोक उघडं राहू द्या. तोंड आत वळलेला गोल गळ असेल तर झटका मारू नका. होडी सरकतेच आहे, तंगूस नुसता ताणून धरला की गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

गरी नेहमी वाऱ्याच्या बाजूने सोडा. दुसऱ्या बाजूने सोडली तर होडी तंगूसावर चढते आणि तो बुडाखाली किंवा पंख्यात जातो.

वेळ कशी साधायची

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हे जुने लोक सांगतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं. भरती-ओहोटीच्या सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी चढतं-उतरतं. तेव्हा ओढ सर्वात जास्त, शिसंही जास्त. हलक्या शिशाने गरवायचं तर भरती भरत आल्यावरचा किंवा ओहोटी सुरू होतानाचा तास धरा.

हे विसरू नका

सकाळचे मतलई वारे होडीला बाहेर समुद्राकडे नेतात. गरवण्याच्या नादात किनारा कधी लांब जातो ते कळत नाही, आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं तर होडी आणखी बाहेर जाते. म्हणून शिसं मोजण्याआधी होडीत नांगर आणि पुरेशी दोरी, वल्ही, प्रत्येकाला लाईफ जॅकेट आणि चार्ज केलेला मोबाईल आहे ना ते बघा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. ओहोटीचं पाणी आणि समोरून वारा अशी गाठ खाडीच्या मुखाशी पडली तर लाटा उभ्या राहतात. तिथे होडी वाहती सोडू नका.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात त्याचं गाभा क्षेत्र येतं. तिकडे गरी टाकण्याआधी वनविभागाकडून हद्द समजून घ्या.

शिसं विषारी आहे. बारीक शिसं दाताने दाबू नका, स्वयंपाकघरात वितळवू नका आणि हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. ओतकाम करायचं तर मोकळ्या हवेत, मुलांना लांब ठेवून. साच्यात पाण्याचा थेंबही नको, तापलेलं शिसं अंगावर उडतं.

निघताना ३०, ६०, १०० आणि १५० ग्रॅमची दोन-दोन शिसं बरोबर घ्या. शिसं पटकन बदलता येईल अशी क्लिप लावा. वारा दिवसभर एकसारखा राहत नाही, मग शिसं तरी एकच का ठेवायचं?