पीट पोस्टलथ्वेट : कष्टकऱ्यांचा चेहरा लाभलेला नट

वर आलेली गालाची हाडे, बसलेले गाल, फुगीर नाक आणि समोरच्याचा ठाव घेणारे डोळे. पीट पोस्टलथ्वेट या ब्रिटिश चरित्र अभिनेत्याचा चेहरा रूढ अर्थाने नायकाचा नव्हता. मात्र उत्तर इंग्लंडमधील कारखान्यांत, खाणींत आणि चाळवजा घरांत आयुष्य काढलेल्या माणसांचे दुःख, हट्ट व स्वाभिमान याच चेहऱ्याने पडद्यावर आणला. तो बदलण्याचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही आणि आपले लांबलचक आडनावही बदलले नाही. इतके लांब नाव दिव्यांनी उजळायचे तर नाट्यगृहाला विजेचे बिल परवडायचे नाही, असे आपल्या पहिल्या एजंटांचे म्हणणे होते, हा किस्सा ते स्वतःच सांगत.

पोस्टलथ्वेट यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९४६ रोजी वॉरिंग्टन या औद्योगिक शहरातील एका कॅथलिक कामगार कुटुंबात झाला. धर्मगुरू होण्याचा विचार त्यांनी काही काळ केला, पुढे शिक्षकी पेशा पत्करून नाटक व शारीरिक शिक्षण हे विषय शिकवले. अखेर नाटकाची ओढ बलवत्तर ठरली आणि ब्रिस्टल ओल्ड व्हिक नाट्यविद्यालयात त्यांनी अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतले.

त्यांची खरी जडणघडण झाली ती १९७० च्या दशकात लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये. जोनाथन प्राइस, बिल नाय, ज्युली वॉल्टर्स, अँटनी शेर असे पुढे नामवंत झालेले नट तेव्हा तेथे उमेदवारी करीत होते. लंडनच्या प्रतिष्ठित रंगमंचापासून दूर, स्थानिक प्रेक्षकांसमोर त्यांच्याच आयुष्याची नाटके सादर करणारी ही संस्था होती. पोस्टलथ्वेट यांच्या अभिनयातील रोखठोकपणाचे मूळ तेथे सापडते.

चित्रपटसृष्टीने त्यांची दखल घेतली तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. टेरेन्स डेव्हिस यांच्या ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्हज’ (१९८८) या चित्रपटात त्यांनी लिव्हरपूलमधील एका कामगार कुटुंबाचा संतापी, मारकुटा बाप उभा केला. पाच वर्षांनी जिम शेरिडन यांच्या ‘इन द नेम ऑफ द फादर’ (१९९३) मध्ये ते पुन्हा बाप झाले, पण अगदी दुसऱ्या टोकाचे. १९७४ मधील गिल्डफर्ड बॉम्बस्फोटांच्या प्रकरणात गोवल्या गेलेल्या मुलाच्या मदतीला बेलफास्टहून लंडनला आलेले आणि स्वतःच तुरुंगात गेलेले जुझेप्पे कॉनलन यांची ही भूमिका. कॉनलन १९८० मध्ये कैदेतच वारले. त्यांच्यावरील दोषारोप न्यायालयाने रद्द केला तो १९९१ मध्ये. जपमाळ हाती धरून निमूटपणे अन्याय सोसणारा, पण खोट्यापुढे न वाकणारा हा बाप पोस्टलथ्वेट यांनी आवाज न चढवता साकारला. डॅनियल डे-लुईस यांच्या धगधगत्या अभिनयासमोर हा संयम अधिकच उठून दिसतो. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याच्या ऑस्कर पुरस्काराचे नामांकन मिळाले.

त्यानंतर ‘द युजुअल सस्पेक्ट्स’ (१९९५) मधील थंड डोक्याचा वकील कोबायाशी, ‘रोमिओ + ज्युलिएट’ (१९९६) मधील फादर लॉरेन्स अशा भूमिका येत गेल्या. १९९७ मध्ये स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि ‘अमिस्टाड’ या दोन चित्रपटांत त्यांना घेतले. हा जगातील सर्वोत्तम नट असावा, असे प्रशस्तिपत्रही दिले. पोस्टलथ्वेट यांनी ते थट्टेवारी नेले. ‘आपण जगात सर्वोत्तम आहोत असे पीटला वाटते’ एवढेच स्पिलबर्ग म्हणाले असावेत, असे ते सांगत.

तथापि, ब्रिटिश प्रेक्षकांच्या मनात ते घर करून राहिले ते ‘ब्रास्ड ऑफ’ (१९९६) मधील डॅनीच्या रूपाने. कोळसा खाण बंद होणार, गाव उद्ध्वस्त होणार, अशा वेळी खाण कामगारांचा वाद्यवृंद टिकवण्याचा ध्यास घेतलेला हा वृद्ध संचालक. फुप्फुसे कोळशाच्या धुळीने निकामी झालेली, पण संगीत हेच त्याचे सर्वस्व. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अंतिम स्पर्धा जिंकल्यावर मात्र तो चषक नाकारतो आणि संगीतापेक्षा माणसे मोलाची, हे भर सभेत सुनावतो. हे भाषण भावविवश होण्याचा धोका होता. धाप लागलेल्या, शब्द जुळवणाऱ्या माणसाचा अवघडलेपणा राखून पोस्टलथ्वेट यांनी तो टाळला.

पडद्यावरील ही निष्ठा त्यांनी व्यवहारातही जपली. २००४ मध्ये त्यांना ‘ओबीई’ हा किताब मिळाला. पाच वर्षांनी हवामान बदलावरील ‘द एज ऑफ स्टुपिड’ (२००९) या चित्रपटात त्यांनी २०५५ सालच्या उद्ध्वस्त जगातील अखेरच्या दस्तऐवजांचा रखवालदार रंगवला. त्याच्या समोरच्या चित्रफितींत मुंबईच्या जेह वाडिया यांच्या स्वस्त विमानसेवेची कथाही आहे. लंडनमधील पहिल्या खेळाच्या वेळी, केंट परगण्यातील किंग्जनॉर्थ येथे कोळशावरील नव्या वीजप्रकल्पाला सरकारने मंजुरी दिल्यास आपण किताब परत करू, असे त्यांनी ऊर्जामंत्री एड मिलिबँड यांना जाहीरपणे बजावले. तो प्रकल्प पुढे बारगळला.

२००८ मध्ये ते एव्हरीमनच्या रंगमंचावर ‘किंग लिअर’ म्हणून परतले. ज्या रंगमंचावर उमेदवारी केली, तेथेच त्यांनी शेक्सपिअरच्या या वृद्ध राजाचे आव्हान पेलले. कर्करोगाशी झुंज सुरू असतानाही काम थांबले नाही. ‘इन्सेप्शन’ (२०१०) मधील मरणासन्न उद्योगपती आणि ‘द टाउन’ (२०१०) मधील फुलांच्या दुकानाआडून गुन्हेगारी चालवणारा फर्गी ही त्यांची अखेरच्या काळातील कामे. २ जानेवारी २०११ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘द टाउन’साठी ‘बाफ्टा’चे नामांकन त्यांना मरणोत्तर मिळाले.

ऑस्कर त्यांच्या हाती कधी आले नाही आणि जाहिरातफलकावर त्यांचे नाव क्वचितच सर्वांत वर झळकले. पण जुझेप्पे आणि डॅनी यांच्यासारखी माणसे, ज्यांची नोंद एरवी न्यायालयाच्या कागदांत किंवा खाणीच्या हजेरीपटात राहिली असती, त्यांना त्यांनी चेहरा दिला. चरित्र अभिनेता या शब्दाला याहून मोठा अर्थ क्वचितच लाभला असेल.