एंडोमेट्रिओसिस : विकृतिस्थळांचे प्रकार व कष्टार्तव

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा दीर्घकालीन विकार म्हणजे एंडोमेट्रिओसिस. जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो होतो. पाळीतील तीव्र वेदना, म्हणजेच कष्टार्तव, हे त्याचे प्रमुख लक्षण असले, तरी विकार किती पसरला आहे यावरून वेदना किती होईल हे सांगता येत नाही.

अशी ऊती रुजलेल्या जागांचे, म्हणजे विकृतिस्थळांचे, प्रमुख प्रकार तीन. पहिल्यात पर्युदरावर, म्हणजे पोटाच्या पोकळीच्या पातळ आवरणावर, उथळ ठिपके दिसतात. दुसऱ्यात बीजकोशात जुन्या, गडद रक्ताची गाठ होते; दवाखान्यात तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. तिसरा प्रकार खोल रुजणारा. त्यात ऊती पर्युदराखाली ५ मिलिमीटरहून अधिक खोल जाते आणि गर्भाशयामागचे बंध, मलाशय किंवा मूत्राशय यांना ग्रासते. एकाच रुग्णात तिन्ही प्रकार आढळू शकतात.

वेदनेशी सर्वांत स्पष्ट नाते आहे ते या तिसऱ्या प्रकाराचे, आणि तेथे जागेला फार महत्त्व असते. मलाशयाजवळ विकृती असेल तर पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना कळा येतात, मूत्राशयावर असेल तर लघवीच्या वेळी दुखते, गर्भाशयामागच्या बंधांत असेल तर संभोग वेदनादायक होतो. चॉकलेट सिस्ट मात्र बरीच मोठी होऊनही कधी कधी मुळीच दुखत नाही. अशा रुग्णाला तीव्र वेदना असल्यास खोल विकृती किंवा चिकटलेले अवयव शोधावे लागतात. उथळ ठिपक्यांना क्षुल्लक मानणेही चूक आहे. त्यांतील ताजे, लाल ठिपके अधिक क्रियाशील मानले जातात. विकृतिस्थळांतून स्रवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने गर्भाशयाचे आकुंचन व दाह वाढवतात, तेथे नवे मज्जातंतूही फुटतात. वर्षानुवर्षे वेदना सोसल्यावर मेंदू व मेरुरज्जू इतके संवेदनशील होतात, की विकृती काढल्यानंतरही दुखणे उरू शकते.

अमेरिकन प्रजननवैद्यक संस्थेच्या वर्गीकरणात विकाराच्या चार पायऱ्या आहेत. त्या विकृतींचा विस्तार व चिकटलेपणा यांवर ठरतात, वेदनेवर नव्हे. म्हणून पहिल्या पायरीवरची मुलगी अंथरुणाला खिळते आणि चौथ्या पायरीवरच्या स्त्रीचा विकार वंध्यत्वाच्या तपासणीतच कळतो, असे घडते.

निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया आता प्रत्येकीला आवश्यक मानली जात नाही. सोनोग्राफी व एमआरआयमध्ये गाठी आणि खोल विकृती बहुधा दिसतात. उथळ ठिपके मात्र सहसा निसटतात, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ आला म्हणजे विकार नाही असे ठरत नाही. उपचारांत वेदनाशामके, डायनोजेस्टसारखी संप्रेरके व निवडक शस्त्रक्रिया येतात.

‘पाळीत दुखायचंच’, ‘लग्न झालं की थांबेल’ असे सांगून मुलींना हे दुखणे अंगावर काढायला लावले जाते आणि निदानाला अनेक वर्षे लागतात. दर महिन्याला शाळा किंवा काम बुडवणारी वेदना स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवलीच पाहिजे.