शिकाऱ्याची दुर्बीण

नळीच्या मागील खाच, टोकावरची माशी आणि समोरचे सावज या तीन गोष्टी एका रेषेत आणणे, याचे नाव नेम धरणे. सांगायला हे सोपे वाटते. परंतु मनुष्याच्या डोळ्याची घडण अशी आहे की त्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. माशी स्पष्ट दिसावी तर सावज अंधुक होते, आणि सावज न्याहाळावे तर माशी विरघळून जाते. शंभर पावलांवर ही उणीव सवयीने भरून निघते. चारशे पावलांवर मात्र ती इवलीशी माशीच अख्खे जनावर झाकून टाकते. बंदुकीवर दुर्बीण चढविण्याचा खटाटोप माणसाने केला तो केवळ दूरचे मोठे दिसावे म्हणून नव्हे. डोळ्याची ही ओढाताण संपावी, हे त्याचे खरे कारण होय.

या कथेचा आरंभ रानात न होता ज्योतिषाच्या वेधशाळेत झाला. केप्लरने १६११ साली दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीची कल्पना मांडली. तीत दूरच्या वस्तूची प्रतिमा नळीच्या आतच तयार होते. पुढे १६४० च्या सुमारास इंग्लंडमधील विल्यम गॅस्कॉइन या तरुण ज्योतिषाला आपल्या दुर्बिणीत कोळ्याचा एक धागा दिसला. तो नेमका प्रतिमेच्या जागी असल्यामुळे ताऱ्याइतकाच रेखीव दिसत होता. धागा आणि तारा, जवळचे आणि दूरचे, एकाच वेळी स्पष्ट! दुर्बिणीतील फुलीचा जन्म या योगायोगातून झाला. गॅस्कॉइन १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत राजपक्षाच्या बाजूने लढताना मारला गेला. आपल्या धाग्याचा वंशज एके दिवशी बंदुकीवर बसेल, हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

मधली दोन शतके बंदूकच मागे राहिली होती. गुळगुळीत नळीची गोळी कोठे जाईल याचा भरवसा नसताना नजर तीक्ष्ण करून काय उपयोग? नळीच्या आत पिळाचे आटे पाडून गोळीला गिरकी देणारी रायफल सुधारली, तेव्हाच दुर्बिणीचे काम पडले. अमेरिकेत जॉन चॅपमन याने १८४० च्या दशकातील आपल्या पुस्तकात अशा दुर्बिणीचे वर्णन केले आणि युटिका गावच्या मॉर्गन जेम्स या बंदूककाराने ती घडविली. १८५५ पासून सिराक्यूजच्या विल्यम माल्कमने तीत चांगली भिंगे बसविली. या दुर्बिणी नळीइतक्याच लांब आणि अरुंद दृष्टीच्या असत. पळते जनावर त्यांत सापडणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून पाखरू पाहण्यासारखे होते. तथापि मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या गव्यांवर त्यांचा प्रयोग झाला. आणि अमेरिकेतील गव्यांच्या अफाट कळपांचा जो संहार पुढे घडला, त्यात लांब पल्ल्याच्या रायफलीचा वाटा लहान नव्हता.

या इतिहासात मुंबईचेही नाव येते. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील डेव्हिड डेव्हिडसन या स्कॉटिश अधिकाऱ्याने रायफलीच्या डाव्या अंगाला बसणारी आटोपशीर दुर्बीण सिद्ध केली. तीच दुर्बीण व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीच्या रायफलीवर चढून १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांच्या हाती गेली. शिकारीचे साधन युद्धात जावे आणि युद्धाचे पुन्हा शिकारीत यावे, हा फेरा पुढेही चालू राहिला. पहिल्या महायुद्धात जर्मनीने शिकाऱ्यांच्या दुर्बिणीच्या रायफली खंदकांत आणल्या, तर इंग्रजांकडून हेस्केथ-प्रिचर्ड या नामांकित शिकाऱ्याने १९१६ साली फ्रान्समध्ये नेमबाजांची शाळा उभारली.

शिकारीची खरी आधुनिक दुर्बीण मात्र मध्य युरोपातील अरण्यांनी दिली. तेथील शिकारी उंच माच्यावर बसून तिन्हीसांजेची वाट पाहतो. त्याला हवा असतो प्रकाश. म्हणून ऑस्ट्रियातील ऑगस्ट फीडलर या वनाधिकाऱ्याने १८८० साली केलेल्या दुर्बिणीपासून व्हिएन्नाच्या काहलेस आणि येनाच्या झाइस यांच्या कारखान्यांपर्यंत सारा भर मोठ्या तोंडाच्या भिंगांवर आणि अंधारातही दिसणाऱ्या जाड खुंट्यांवर राहिला. अमेरिकेतील डोंगरी मेंढ्यांच्या शिकाऱ्याची गरज निराळी होती. दिवसभर कडे चढणाऱ्याला प्रत्येक तोळा जड! त्याने हलकी, चार पटींची साधी दुर्बीण पसंत केली. विल्यम वीव्हरने १९३० साली अवघ्या १९ डॉलरांत दुर्बीण विकावयास काढली, तेव्हा हे साधन सामान्य शेतकऱ्याच्याही आटोक्यात आले.

राहिले दोन शत्रू: परावर्तन आणि दमट हवा. काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो. दहा पृष्ठांतून जाताना एक तृतीयांश नाहीसा होतो. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला याने १९३५ साली काचेवर अतिसूक्ष्म थर चढवून ही गळती बरीच कमी केली. १९४७ च्या सुमारास लेउपोल्ड यांनी नळीतील दमट हवा काढून नायट्रोजन भरला आणि भिंगांवर आतून बाष्प धरणे बंद झाले.

आता निवडीचा प्रश्न. नवखा शिकारी विचारतो, किती पट मोठे दिसते? अनुभवी शिकारी विचारतो, डोळ्यापर्यंत किती प्रकाश येतो? पुढील भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. ३२ मिलिमीटरच्या चार पटींच्या दुर्बिणीत ती ८ मिलिमीटर भरते, तर ४० मिलिमीटरच्या दहा पटींच्या दुर्बिणीत ४ मिलिमीटर. तरुण डोळ्याची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटर उघडते. म्हणून सांजवेळी लहान पटीची दुर्बीण मोठ्या पटीवर मात करते. शिवाय पट वाढली की हाताचा कंप आणि उन्हाने थरथरणारी हवाही तितक्याच पटीने वाढते, आणि दृष्टीचे क्षेत्र आक्रसते.

याहून मोठी गोष्ट अशी की दुर्बीण नजर वाढविते, गोळीचा वेग नव्हे. साडेतीनशे मीटरांच्या आसपास जाण्यास वेगवान गोळीलाही अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला नळीच्या रेषेपासून सव्वा मीटर खाली ओढते, वारा बाजूला ढकलतो, आणि चरणारे हरीण एक पाऊल पुढे टाकते. पहिल्या दोहोंचे गणित दुर्बिणीच्या चकत्यांवर मांडता येते; तिसऱ्याचे कोणत्याही कारखान्याला मांडता आलेले नाही. काचेत जवळ दिसणारे जनावर प्रत्यक्षात दूरच असते, हे जो विसरतो त्याच्या हातून ते मरत नाही, जखमी होऊन झाडीत शिरते आणि दिवसचे दिवस तडफडते. म्हणूनच जुन्या शिकाऱ्यांच्या शिस्तीत, ज्या अंतरावर पहिल्याच गोळीची खात्री नाही तेथे बोट चापावरून काढून घेणे, याला नेमबाजीइतकाच मान होता.

हिंदुस्थानातील शिकाऱ्यांमध्ये या विचाराचा शेवट जिम कॉर्बेटने आपल्या आचरणाने दाखविला. नरभक्षक वाघांचा माग काढणारा हा पुरुष उत्तरायुष्यात बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यात अधिक रमला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीचा तो अध्याय संपविला. गॅस्कॉइनला सापडलेला कोळ्याचा धागा आजही भिंगामागे ताणलेला आहे. परंतु येथील रानात त्या भिंगातून पाहणाऱ्याचे बोट आता कॅमेऱ्याच्या कळीवर असते, आणि सावज पाणी पिऊन आपल्या वाटेने निघून जाते.