ॲम्प्लिफायरला लेव्हल मीटर कसं जोडायचं? ग्राउंडची गडबड टाळा

गाण्याच्या आवाजाबरोबर वर-खाली नाचणारी एलईडीची पट्टी म्हणजे लेव्हल मीटर. बाजारात याला सरसकट व्हीयू मीटर म्हणतात. आमच्या औंधला (साताऱ्यातलं, पुण्यातलं नव्हे) यात्रेतल्या टेम्पोवर किंवा उसाच्या ट्रॅक्टरवर ही पट्टी हमखास दिसते. किट स्वस्त मिळतं आणि जोडायला दोन-चारच वायरी असतात. पण त्यातली एक चुकीच्या जागी लागली, तर ॲम्पची आयसी जाऊ शकते. ती वायर म्हणजे ग्राउंड.

स्पीकरचा मायनस म्हणजे ग्राउंड नव्हे

सर्किटमधल्या ज्या बिंदूला आपण शून्य व्होल्ट धरतो, तो ग्राउंड. १२ व्होल्ट बॅटरीवरच्या सिस्टीममध्ये तो बॅटरीचा मायनस असतो.

टीडीए२०३० च्या नेहमीच्या साध्या सर्किटमध्ये स्पीकरची मायनस वायर ग्राउंडलाच जाते. ब्रिज ॲम्पमध्ये तसं नसतं. तिथे दोन ॲम्प स्पीकरच्या दोन टोकांना उलट दिशेने चालवतात. १२ व्होल्टवर दोन्ही टोकांना साधारण ६ व्होल्ट असतात. मीटरही त्याच बॅटरीवर असेल आणि त्याचा ग्राउंड तुम्ही स्पीकरच्या मायनसला लावला, तर एका बाजूचा ॲम्प सरळ शॉर्ट होतो.

कार स्टिरिओमधली टीडीए७३८८ आणि छोट्या ५ व्होल्ट बोर्डवरची पीएएम८४०३ या दोन्ही ब्रिज आहेत. एलए४४४० दोन्ही प्रकारे वापरता येते. म्हणून नुसता आयसीचा नंबर वाचून ठरवू नका, मोजून बघा.

मल्टिमीटरने असं ओळखा

१. पॉवर बंद करा, स्पीकर काढा आणि पाच मिनिटं थांबा.
२. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब सप्लायच्या मायनसला आणि दुसरा ॲम्पच्या स्पीकर-मायनस टर्मिनलला लावा. बीप आला तर ग्राउंड कॉमन आहे.
३. बीप नाही आला तर ॲम्प ब्रिज आहे असंच समजा. खात्री करायची असेल तर पॉवर चालू करून त्याच दोन जागी डीसी व्होल्टेज मोजा. सप्लायच्या निम्मं दिसलं की विषय संपला.

जोडायच्या तीन पद्धती

*१. इनपुटवरून सिग्नल घ्या.* मी हीच पद्धत वापरतो, कारण ॲम्प ब्रिज असो वा साधा, फरक पडत नाही. मोठ्या मिक्सरवरची मीटरंही सिग्नलच मोजतात, स्पीकरची वायर नाही. औंधला १९४० पासून चालत आलेल्या संगीत महोत्सवासारख्या मैफलीत साऊंडवाल्याची नजर अशाच मीटरवर असते. व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पिनवरून १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून एक वायर मीटरच्या इनपुटला द्या. केए२२८४ असलेलं किट इथे सोयीचं, कारण त्या आयसीच्या आतच छोटा ॲम्प असतो आणि कमी सिग्नलवरही पट्टी हलते.

*२. स्पीकर टर्मिनलवरून एकच वायर.* स्पीकर-प्लसवरून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग रेझिस्टर, मग मीटरचं इनपुट. कपॅसिटर ते ६ व्होल्ट डीसी अडवतो. मीटरचा ग्राउंड सप्लायच्या मायनसलाच. स्पीकर-मायनसला हात लावायचा नाही. पीएएम८४०३ सारख्या क्लास-डी ॲम्पला मात्र पहिलीच पद्धत बरी, कारण त्याच्या आउटपुटवर स्विचिंगचे पल्सही असतात.

*३. मीटर पूर्ण वेगळं ठेवा.* मीटरला स्वतःची वेगळी बॅटरी द्या, किंवा मध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा. मग स्पीकरच्या दोन्ही टोकांना जोडता येतं. पण गाडीतल्या यूएसबी चार्जरवर चालणारं मीटर वेगळं धरता येत नाही, त्याचा मायनस गाडीच्याच ग्राउंडला असतो. आणि स्टिरिओ मीटरमध्ये दोन्ही चॅनलचा ग्राउंड एक असतो. ते दोन ब्रिज आउटपुटवर लावलं तर वेगळी बॅटरी असूनही दोन्ही मायनस एकमेकांना जोडले जातात. तिथे दोन स्वतंत्र मीटर लागतात.

मीटर लावल्यावर टिकटिक किंवा हम येतोय?

एलएम३९१५ मध्ये १० एलईडी असतात, प्रत्येक पायरी ३ डेसिबलची. प्रत्येकी १० मिलिअँपिअर धरले तर पूर्ण पट्टी १०० मिलिअँपिअर घेते. ग्राउंडच्या वायरचा रेझिस्टन्स फक्त ०.१ ओहम असला, तरी तिच्यावर १० मिलिव्होल्टचा झटका तयार होतो. हीच वायर ऑडिओचाही ग्राउंड असेल तर ॲम्प तो झटका गाण्याबरोबर मोठा करतो आणि टिकटिक ऐकू येते.

उपाय सोपा आहे. मीटरच्या सप्लायच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीपर्यंत वेगळ्या न्या. सिग्नलची शील्ड वायर वापरलीत तर शील्ड एकाच टोकाला जोडा. मीटरला ग्राउंडची वाट एकच हवी. दोन झाल्या की ग्राउंड लूप तयार होतो.

फोनवर हाच प्रकार तुम्ही ऐकलाही असेल. गाडीत ऑक्स केबल लावून फोन चार्जिंगला लावला की किरकिर सुरू होते. एक ग्राउंड ऑक्समधून, दुसरा चार्जरमधून, म्हणजे लूप. चार्जर काढला की आवाज जातो. चार्जिंग हवंच असेल तर ऑक्समध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यातही छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मरच असतात.

घरच्या मेन्सवर चालणाऱ्या ॲम्पचा हम घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढतात. हे कधीही करू नका. आत फॉल्ट झाला तर करंट ॲम्पच्या बॉडीवर येतो आणि जीव जाऊ शकतो.

थोडक्यात: आधी मोजा, सिग्नल शक्यतो इनपुटवरून घ्या, आणि मीटरचा ग्राउंड एकाच जागी जोडा.