करंट येतोय का?

गाडी भर पावसात बंद पडली, चार किका मारून झाल्या, बघे जमले, की कोणीतरी अनुभवी माणूस पुढे होतो आणि विचारतो, "प्लगला करंट येतोय का?" पेट्रोल आहे का हा प्रश्न त्याच्याआधी कोणीतरी विचारून झालेला असतो. मोटरसायकल नावाची वस्तू जन्मल्यापासून करंटचा हा प्रश्न काही बदललेला नाही. बदललं ते एवढंच की त्याचं उत्तर शोधायची सोय कोणाकडे आहे. या शनिवारी त्याबद्दल थोडं लिहावं म्हणतो. आठवडाभर आपण दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो, तेव्हा हा विषय अगदीच परका नाही :)

मूळ अडचण साधी आहे. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, तिथे बरोब्बर वेळेला ठिणगी पडायला हवी. प्लगच्या फटीत, म्हणजे जेमतेम 0.6-0.7 मिलिमीटरमध्ये, ती पाडायची तर हजारो व्होल्ट लागतात. बॅटरी देणार सहा किंवा बारा. ही उडी मारायची कशी? एक उत्तर जर्मनीतून आलं. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. बॅटरीच नको, इंजिन फिरतंय तर त्याच्याच फिरण्यातून वीज काढा. दुसरं उत्तर काही वर्षांनी अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने दिलं: बॅटरी, कॉइल आणि एक उघडझाप करणारा पॉइंट. पॉइंट बंद असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो, कॅमने पॉइंट उघडला की तो प्रवाह तुटतो, आणि त्या झटक्यात कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात.

आपल्याकडच्या जुन्या गाड्या या दोन घराण्यांतल्या. 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट, 1961 पासून म्हैसूरहून येणारी जावा (नंतरची येझदी) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत यांचा सगळा जीव त्या पॉइंटात. आकुर्डीच्या बजाजची साधी स्कूटर मॅग्नेटवाली. तिला बॅटरी नसायची, त्यामुळे इंजिन मंद झालं की हेडलाइटही मंद. स्कूटर तिरकी करून मग किक मारायचा जो राष्ट्रीय कार्यक्रम चालायचा, त्याचा मात्र विजेशी काही संबंध नव्हता, ते कार्बोरेटरचं प्रकरण. असो.

पॉइंट ही मोठी बिचारी वस्तू. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला 50 वेळा उघडतो. म्हणजे तासाभरात एक लाख ऐंशी हजार वेळा! दर वेळी त्याच्या तोंडावर बारीकशी ठिणगी उडते. ती आवरायला शेजारी कंडेन्सर असतो. तो कमजोर झाला की पॉइंट जळून काळे पडतात, गॅप बदलते, ठिणगी अशक्त होते आणि गाडी उठत नाही. पण इथेच गंमत आहे. हे सगळं डोळ्यांना दिसतं. झाकण काढा, पॉइंट बघा, पॉलिश पेपरने घासा, गॅप लावा. गॅप साधारण 0.4 मिलिमीटर. दाढीचं ब्लेड साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचं, तेव्हा चार ब्लेडं एकावर एक ठेवली की झालं तुमचं मोजमाप.

बुलेटने तर त्याच्याही पुढची सोय केली होती. हेडलाइटच्या वर एक छोटा अँमीटर. चावी फिरवली आणि पॉइंट बंद असला की काटा डावीकडे झुकायचा, उघडला की मध्यावर यायचा. जाणकार माणूस किक हळूहळू दाबत काट्यावर नजर ठेवायचा. काटा मध्यावर आला, की डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक किंचित पुढे सरकवायची आणि मगच सगळा भार टाकायचा. नाहीतर किक उलटी मारायची आणि पिंढरीला आठवडाभर लक्षात राहायचं. म्हणजे चालू स्थितीतल्या सर्किटचं व्हेरिएबल समोर छापून येतंय! आणि चावी फिरवूनही, किक कितीही हलवली तरी, काटा ढिम्म हलत नसेल तर प्लग खोलायच्या आधीच कळायचं की करंट पॉइंटपर्यंत पोचतच नाहीये. बॅटरी, फ्यूज, नाहीतर वायर.

याबद्दल गळे काढणारे पुष्कळ भेटतात, की तेव्हाच्या गाड्या म्हणजे गाड्या, रस्त्यावर दुरुस्त व्हायच्या. मला हे पटत नाही. त्या रस्त्यावर दुरुस्त व्हायच्या कारण त्या रस्त्यावर बंद पडायच्या. आणि हा रस्ता पुण्यातला असेल तर ठीक, पण कोकणातला असेल तर?

तुडीलचं उदाहरण घ्या. महाड तालुक्याच्या खाडीपट्ट्यातलं गाव. कामाला, बाजाराला, दवाखान्याला महाड गाठायचं. सावित्रीत भरतीचं पाणी आत येतं, त्यामुळे हवेत खारेपणा, आणि पावसाळा म्हणाल तर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर. विजेच्या जोडण्यांसाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. ओलाव्याने पॉइंटवर पापुद्रा धरतो, तांब्याच्या तारेवर हिरवा गंज चढतो, प्लगच्या टोपीत पाणी शिरलं की ठिणगी फटीत पडण्याऐवजी बाहेरूनच इंजिनाच्या अंगावर उतरते. अशा ठिकाणी रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर 'किती साधं यंत्र आहे' याचं कौतुक करायला वेळ नसतो. पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होणारी गाडी लागते.

ती आली 1980 च्या दशकात, जपानी भागीदारीतून. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली. लोकांना तिचं मायलेज आठवतं. मला तिच्यातला तो काड्यापेटीएवढा काळा डबा जास्त महत्त्वाचा वाटतो. सीडीआय. कावासाकीसारख्यांनी 1969 मध्येच मोठ्या मोटरसायकलींवर आणलेलं हे तंत्र. यात उघडझाप करणारा पॉइंटच नाही. मॅग्नेटमधली एक कॉइल कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरते. फिरत्या मॅग्नेटवरचा उंचवटा पल्सर कॉइलसमोरून गेला की इशारा जातो, थायरिस्टर नावाचा इलेक्ट्रॉनिक दरवाजा उघडतो आणि कपॅसिटर एका दमात इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो. घासलं जाणारं काही नाही, जळणारं काही नाही. राळ ओतून डबा बंद केलेला, त्यामुळे पाणी आत जायची भीती नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. ही वीज मॅग्नेटमधून येते, बॅटरीतून नाही. म्हणजे बॅटरी मेली तरी किक मारा, गाडी सुरू! 1994 साली आलेल्या स्प्लेंडरचं हेच. बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरपुरती. महिनोन्‌महिने मेलेली बॅटरी घेऊन लोक बिनधास्त फिरायचे. खेडोपाडी मोटरसायकल पोचली ती मायलेजमुळे असं सगळे म्हणतात, ते खरंच आहे. पण माझ्या मते निम्मं श्रेय या बॅटरीविना पडणाऱ्या ठिणगीला द्यायला हवं. 1902 ची मॅग्नेटोची कल्पना, फक्त मधला पॉइंट गायब.

बदल्यात गेलं काय? बघायची सोय. सीडीआयचा डबा उघडायचा नसतो, बदलायचा असतो. पॉइंट म्हणजे सोर्स कोड समोर होता, हा डबा म्हणजे नुसती बायनरी. मेकॅनिकची पद्धतही त्यामुळे बदलली. प्लग काढून टोपीत खोचायचा, इंजिनाच्या धातूला टेकवायचा, किक मारायची (प्लगच्या भोकापासून लांब, तिथून पेट्रोलची वाफ येते). निळी ठिणगी दिसली तर विजेचं सगळं ठीक, पेट्रोलकडे वळा. नाही दिसली तर टोपी बदलून बघा, मग किल स्विचची वायर सोडवून बघा, मग मॅग्नेटकडून येणारं कनेक्टर, आणि शेवटी दुसऱ्या गाडीचा चालू सीडीआय लावून बघा. आपण याला बायनरी सर्च म्हणतो. त्याला गॅरेजमधले लोक काहीच म्हणत नाहीत, नुसतं करतात.

मग आपल्या पिढीच्या गाड्या आल्या. 2001 ची पल्सर, बटण स्टार्ट, 2003 ची दोन प्लगवाली डीटीएस-आय. 2006 मध्ये हिरो होंडाने ग्लॅमरला फ्युएल इंजेक्शन दिलं. 2007 च्या पल्सर 200 आणि 220 वरून किकच काढून टाकली. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मुळे बहुतेक गाड्यांतून कार्बोरेटर हद्दपार. आता पेट्रोलचा पंप विजेवर, इंजेक्टर विजेवर, आणि त्यांना हुकूम देणारा ईसीयूही विजेवर. बॅटरी पुन्हा केंद्रस्थानी! साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, किल स्विच, यातला एक जरी रुसला तरी काही गाड्या जागच्या हलत नाहीत. बटण दाबल्यावर नुसतं टक-टक होत असेल तर बहुधा बॅटरी बसलीये किंवा तिचे स्क्रू सैल आहेत. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर फिरताना ती नऊ-साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर पुढचं काही तपासू नका.

22 जुलै 2021 ला महाड पुराखाली गेलं तेव्हा सगळ्या पिढ्यांच्या दुचाक्या एकाच चिखलात बुडाल्या. बुडालेल्या गाडीचा नियम सगळ्यांना सारखाच: सुरू करून बघायचा मोह टाळायचा, आधी बॅटरीची वायर काढायची, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं. फरक त्यानंतर सुरू होतो. जुन्या गाडीत धुऊन वाळवायच्या जोडण्या पाच-सात. नव्या गाडीत प्रत्येक सेन्सरचं वेगळं कनेक्टर, आणि गाळाचा एक थर बसलेली एखादी पिन महिनाभराने डोकं वर काढते. तेही सलग नाही, मधूनमधून. आपल्या धंद्यात ज्या बगला सगळे घाबरतात तोच.

यावर कंपन्यांचं उत्तर म्हणजे स्कॅनर. तो शहरातल्या सर्व्हिस सेंटरला असतो, खाडीपट्ट्यातल्या टपरीवजा गॅरेजमध्ये असेलच असं नाही. पण सगळेच दरवाजे बंद केलेले नाहीत. इंजेक्शनच्या काही गाड्यांत ठराविक पद्धतीने चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा उघडझाप करून बिघाडाचा आकडा सांगतो. लांब उघडझाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. कोणत्या आकड्याचा अर्थ काय, तो तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. आपल्या गाडीचा तेवढा एक कागद प्रिंट काढून सीटखाली ठेवा. टूलकिटमधल्या पान्याला आता शेजार लागणार आहे.